हणमंतनानांनी निवडलेलं इंजिन

हणमंतनानांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, वजन विचारलं. मी म्हणालो, "असेल पंच्याहत्तर." त्यांनी माझ्याकडे, खरं तर माझ्या पोटाकडे, एकदा बघितलं आणि गॅरेजच्या कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट केलं. हळदीच्या वखारीतून भंगारात आलेला तो लोखंडी काटा होता. पूर्वी त्यावर पोती चढत, आता इंजिनं चढत, आणि त्या दिवशी मी चढलो. "ब्याऐंशी," नाना म्हणाले. "सात किलो कुठं लपवत हुता, मास्तर? गाडीला समदं कळतंय." मी मास्तर आहे हे त्यांनी कसं ओळखलं, असं मी नंतर विचारलं. "खिशाला दोन पेनं, आन् काट्यावर चढताना चपला काढल्या," असं उत्तर मिळालं.

मी साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. निवृत्ती जवळ आल्यावर लोक देवळांकडे वळतात, मी गाडी बांधायच्या नादाला लागलो. पुण्याकडचा एक छोटा कारखाना सुट्या भागांची गाडी विकायचा: पाइपांचा सांगाडा, फायबरचं अंग, दोन खुर्च्या आणि खुर्च्यांच्या मागे इंजिन. सगळं घरी आणून जोडायचं. जोडून झालेली गाडी साडेचारशे किलोंच्या आत बसायची. आमच्या गल्लीत तिला खेळणं म्हणत, आणि त्यात फारसं चुकीचं काही नव्हतं.

ती मी बांधली, पण चालवायची सुलभा, माझी बायको. माझ्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला तेव्हापासून मी गाडी चालवत नाही. सुलभा पोस्टात होती, तीस वर्षं तिने दुचाकीवर सातारा पालथा घातला होता आणि गाडीवर तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता. गाडीबरोबर आलेलं इंजिन तीनचाकी मालगाडीचं होतं. ते यवतेश्वरच्या घाटात दोनदा बंद पडलं आणि तिसऱ्यांदा त्याचा ब्लॉकच, म्हणजे मुख्य ओतीव ठोकळाच, तडकला. दुसरं बसवणं भाग होतं. माझ्यापुढे प्रश्न एकच होता: घाटात सुलभाला दगा देणार नाही, असं इंजिन कोणतं? साताऱ्यातल्या चार मेकॅनिकांनी चार सल्ले दिले. पाचवा म्हणाला, "सांगलीला हणमंतनानांकडं जावा. बोलून बेजार करतील, पर चुकीचं सांगणार न्हाईत."

नाना मूळचे जत तालुक्यातले. तरुणपणी फौजेच्या वर्कशॉपात गेले, ट्रकची इंजिनं उघडता उघडता हवालदार झाले आणि परत येऊन त्यांनी मिरज रस्त्याला पत्र्याचं गॅरेज टाकलं. सत्तरी ओलांडली होती तरी पाठ ताठ. खाकी हाफपँट, पांढरी गंजी, आणि गंजीवर तेलाचा एकही डाग नाही. हात मात्र कोपरापर्यंत काळे. रागावले की कानडीत शिव्या देत आणि लगेच म्हणत, "तुमाला कळलं न्हाई न्हवं? मग झालं तर." त्यांच्याकडे अशोक नावाचा चाळिशीचा वेल्डर होता. तो वीस वर्षं नानांच्या शिव्या खात होता आणि त्यांना देव मानत होता.

सात महिने दर दुसऱ्या रविवारी मी सकाळच्या एसटीने सांगलीला जात राहिलो. आम्ही इंजिन निवडत होतो, असं मी घरी सांगायचो. प्रत्यक्षात मी नानांचं ऐकत बसायचो. अशोकचं म्हणणं, मोठ्या गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन टाका, गाडी उडत जाईल. नाना म्हणाले, "उडत जाईल, पर वळणार न्हाई. मागं एवढं वजन टाकल्यावर उताराच्या वळणावर ढुंगण पुढं यायला बघतंय. वैनींनी काय करायचं मग? देवाचं नाव घ्यायचं?" मी मोटरसायकलच्या इंजिनाचं नाव काढलं. हलकं, तेज, सहज मिळणारं. नानांनी शांतपणे विचारलं, "त्याला रिव्हर्स हाय?" नव्हता. "मग भाजी घ्यायला गेल्यावर वैनी गाडी मागं कशी घेनार? तुमी उतरून ढकलनार? ह्या पोटानं?" छोट्या टेम्पोचं डिझेल इंजिन त्यांनी काट्यावर चढवून दाखवलं, मग चालू केलं, आणि शेजारच्या बाकावरचे नटबोल्ट नाचत नाचत खाली पडेपर्यंत थांबले. "तुमचं फायबर एका म्हैन्यात सांगाड्यापासनं घटस्फोट घेतंय बघा," ते म्हणाले.

कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या वजनावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "कागदावरचं वजन म्हंजे स्थळानं सांगितलेला पगार," असं ते म्हणत. "समक्ष बघावं आन् मग बोलावं." म्हणून प्रत्येक इंजिन दोनदा काट्यावर जायचं, एकदा कोरडं आणि एकदा तेल, पाणी, स्टार्टर, गिअरबॉक्ससकट. खडूने भिंतीवर आकडे लिहायचे काम माझ्याकडे होतं. माझं अक्षर चांगलं म्हणून त्यांनी ती भिंत चुना मारून मला दिली होती, आणि शाळेतल्या फळ्यापेक्षा मला तिचा अभिमान होता.

शेवटी त्यांनी निकाल दिला. लहान गाडीचं, तीन सिलिंडरचं, अॅल्युमिनियमच्या ब्लॉकचं पेट्रोल इंजिन. "संसारी इंजिन हाय. मिजास न्हाई, वजन न्हाई, आन् घाटात रडत न्हाई." फलटणला मागून ठोकर बसलेली एक गाडी पडून होती, तिचं पुढचं इंजिन धडधाकट होतं. नाना म्हणाले, ते मी बघितलंय, माझ्यावर सोडा.

मला त्यांच्या एका नियमाचं फार कौतुक होतं. न उघडता इंजिन घ्यायचं नाही. "झाकण काढा, बोट घाला. इंजिनाचा आवाज खोटं बोलंल, मालक तर बोलतोयच. बोटाला लागलेलं खोटं बोलत न्हाई." कृष्णेच्या महापुरानंतर सांगलीत बुडालेल्या गाड्यांची इंजिनं स्वस्तात फिरत होती. ती घेऊन कुणी दारात आलं की नाना हातातला चहाचा कप खाली ठेवून उभे राहायचे. "नदीनं चाखलेलं इंजिन माझ्या दारात नगं. चिखल कुठं लपून बसतोय ते ब्रह्मदेवालाबी सांगता येत न्हाई." मी हे वाक्य सुलभाला सांगितलं होतं. तिला माणूस आवडला.

त्याच काळात ते एकदा साताऱ्याला आमच्या घरी आले. गाडीकडे बघण्याआधी त्यांनी सुलभाला खुर्चीत बसवलं, टेप काढून तिच्या टाचेपासून पेडलपर्यंतचं अंतर मोजलं आणि मला झापलं. "गाडी तुमच्या तंगडीच्या मापानं बांधलीया, मास्तर. बांधनाऱ्याची नसती गाडी, चालवनाऱ्याची असती." पुढच्या खेपेला त्यांनी तीन लाकडी ठोकळे पाठवले, रबर लावलेले, पेडलवर बसवायला. सुलभाचा पाय पहिल्यांदाच क्लचच्या तळापर्यंत नीट पोचला. ती त्यांना दर वेळी माझ्याबरोबर थालीपिठं बांधून द्यायला लागली. मला डबा रिकामा परत मिळायचा आणि नानांचा निरोप मिळायचा, "वैनींना सांगा, तिखट कमी पडलं."

इंजिन मात्र येईना. उन्हाळा गेला, पाऊस गेला. अशोक आणि दोन-चार गिऱ्हाइकं चेष्टा करू लागली, तेव्हा नानांनी सगळ्यांसमोर मांडीवर थाप मारली. "खंडेनवमीला मास्तरांचं इंजिन ह्या कट्ट्यावर पूजेला असंल. नसलं तर हणमंतानं गॅरेज बंद केलं म्हणा."

खंडेनवमीला मी गेलो. गॅरेज झाडून, पाणी मारून स्वच्छ केलेलं. पाने, हातोडे, जॅक, वेल्डिंगचं यंत्र, सगळं ओळीने मांडून त्यावर झेंडूची फुलं. मध्ये कट्ट्यावर माझं इंजिन, चंदेरी रंग दिलेलं, हळदकुंकू लावलेलं, गळ्यात हार. नानांच्या बायकोने, अक्कांनी, त्याला ओवाळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. मग सवयीने मी बाजूच्या पान्याकडे हात नेला. झाकण काढायचं, बोट घालायचं. नानांनी माझं मनगट धरलं. "मास्तर! आज पाना?"

सगळे हसले. मीही हसलो. पूजा मांडली की अवजार उचलायचं नाही, दसऱ्यापर्यंत यंत्राला विसावा, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. इतकी वर्षं घरी साधा स्क्रूड्रायव्हरसुद्धा मी त्या दिवशी हातात घेतला नव्हता. साताऱ्याकडे जाणारा एक टेम्पो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळत होता, पूजा उतरवून लगेच इंजिन त्यात चढवायचं ठरलं. मी म्हणालो, घरी जाऊन उघडतो. नाना म्हणाले, "मी सोता उघडून बघितलंय. नवं गास्केट घातलंय. उघडलं तर ते वाया जातंय. तुमचा माझ्यावर भरोसा हाय का न्हाई?" होता. आरटीओत इंजिनबदलाची नोंद करायला कागद लागणार होते, त्यांचंही "दिवाळीनंतर देतो" झालं. तेव्हाही मला काही वाटलं नाही. आज हे लिहितानासुद्धा स्वतःचा राग येतो.

इंजिन तीन आठवडे सुरेख चाललं. सुलभा सकाळी पाच मिनिटं लवकर उठून उगाचच पोवई नाक्यापर्यंत चक्कर मारून यायची. मग एका रविवारी आम्ही यवतेश्वरला गेलो. निघताना तेल बघितलं होतं, तिनेही आणि मीही. गाडी चढ बिनतक्रार चढली. उतरताना, दुसऱ्या वळणाच्या जरा अलीकडे, पाठीमागून खडखड आली आणि क्षणात इंजिन आवळून जाम झालं. मागची चाकं जागेवर थिजली, गाडी आडवी व्हायला लागली. सुलभाने क्लच तळापर्यंत दाबला. चाकं सुटली. हँडब्रेक ओढत, स्टिअरिंग वळवत तिने गाडी दरीपासून दूर काढून डोंगराच्या कड्याला घासत उभी केली. मला खरचटलंही नाही. तिचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

आठ दिवसांनी मी इंजिन उघडलं. तेलाच्या वाटांमध्ये काळा, बारीक, साबणासारखा गाळ होता. बेअरिंग तेलावाचून जळून चिकटलं होतं. ब्लॉकच्या एका बंद भोकात चिखलात गुरफटलेली गवताची मुळं निघाली. फलटणला कोणती नदी इंजिनात शिरते? मी तो गाळ एका स्टीलच्या डबीत भरला आणि सांगलीची एसटी धरली.

अशोक जेवायला गेला होता. नाना एकटेच होते. मी डबी उघडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी गाळ चिमटीत घेतला, चोळला, आणि विचारलं, "किती तापलं हुतं?"

मी म्हणालो, "नाना, सुलभाचा हात मोडलाय."

ते खाली बसले. "क्लच दाबला का वैनींनी?"

"दाबला. म्हणून आहोत."

मग ते सगळं बोलले, माझ्याकडे न बघता. फलटणच्या मालकाने इंजिन दुसऱ्यालाच दिलं. खंडेनवमीला चार दिवस राहिले होते. सांगलीच्याच गावभागातली एक गाडी पुरात चार दिवस पाण्याखाली होती, तिचं इंजिन तेवढ्यात मिळालं. "तीनदा डिझेलनं धुतलं, मास्तर. आईशपथ तीनदा धुतलं. मला वाटलं, निघालं समदं."

"सांगायचं होतं. मी आणखी वर्षभर थांबलो असतो."

"समद्यांम्होरं बोलून बसलो हुतो."

"आणि पूजा? मी उघडू नये म्हणून?"

देवासमोर माझं मनगट धरलेला तो हात गुडघ्यावर पडला होता. खरं सांगतो, ते नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. मी त्यासाठीच तिथे उभा होतो. त्यांना ठाऊक होतं त्या गाडीत कोण बसणार आहे. तिच्या पायाचं माप त्यांनी आपल्या हातांनी घेतलं होतं, तिच्या हातचं खाल्लं होतं.

मी निघालो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "मास्तर, एक करा. अशोकला, हितल्या कुनाला सांगू नगा. लोक माझ्या शब्दावर येत्यात. येवढं पोटात ठेवा." त्यांचे डोळे भरले होते. मी शब्द दिला. परत येणार नाही, असंही सांगितलं.

पुढे कोल्हापूरहून दुसरं इंजिन आणलं. मालकाच्या दारात दोन तास बसून ते पूर्ण उघडलं. त्याला राग आला, येऊ दिला. तीन सिलिंडरचं, अॅल्युमिनियमच्या ब्लॉकचं, अगदी नानांनी सांगितलेलंच. निवड त्यांची तंतोतंत बरोबर होती. आजही घाटात ते कुरकुर करत नाही, आणि याचं मला धड सुखही होत नाही. सुलभाचं मनगट आता पूर्ण वळत नाही. चपात्या लाटताना ती कोपरातून हात फिरवते.

दोन वर्षांनी अशोकचा फोन आला, नाना गेले. झोपेतच गेले. मी जायला नाही म्हणत होतो. सुलभा म्हणाली, "चार माणसांत वाईट दिसेल, आणि अक्का आहेत." आम्ही त्याच गाडीने सांगलीला भेटायला गेलो. चालवायला अर्थात ती.

गॅरेजच्या मागच्या खोलीत अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. आणखी पाच-सहा माणसं होती. अशोकने बाहेर आमची गाडी बघितली होती. तो आत येऊन सुलभाजवळ उकिडवा बसला आणि हळू आवाजात, अगदी मायेने म्हणाला, "वैनी, आता तेलपानी बघून चालवता न्हवं? नाना लय हळहळायचं. म्हनायचं, एवढं सोन्यासारखं इंजिन दिलं, पर वैनींनी बिनतेलाचं घाटात पळवून जाळलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतोय. पण अक्कांनी पदराने डोळे पुसले आणि मान हलवली. "व्हय वो बाई. पर तुमाला कवा दोष दिला न्हाई त्यांनी. बाईमानूस हाय, घाबरली आसंल, म्हनायचं. शेवटपतूर तुमची आठवन काढायचं."

खोलीतली सगळी माणसं सुलभाकडे क्षमेच्या नजरेने बघत होती. दोन वर्षं मी नानांना दिलेला शब्द पाळत होतो, आणि त्याच दोन वर्षांत ते ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत होते. मी तोंड उघडलं. सुलभाने माझ्याकडे बघितलं नाही. तिने अक्कांचे दोन्ही हात हातात घेतले, उजवा जरा अवघडून, आणि म्हणाली, "हो अक्का. माझंच चुकलं. घाबरले मी."

परतताना पेठ नाक्याला मी विचारलं, "का म्हणालीस तसं?"

"आज त्या बाईला मी काय सांगायला हवं होतं?" ती म्हणाली आणि पुढच्या उसाच्या ट्रॉलीला मागे टाकायला तिने गिअर बदलला.

सुलभाने त्यांना माफ केलं आहे. मी केलेलं नाही. गाळाचं मी कदाचित विसरलो असतो; माणूस शब्दात अडकतो, चुकतो. अजूनही चांगलं इंजिन दिसलं की आधी नानांना दाखवावंसं वाटतं, इतका त्या माणसावर माझा जीव होता. पण सांगलीत आजही लोक म्हणतात की साताऱ्याच्या मास्तरणीने चांगलं इंजिन जाळलं, आणि ते ऐकून घ्यायला ती तयार असली तरी मी नाही. नानांना दिलेला शब्द मी आज मोडतो आहे. इंजिन पुरातलं होतं. तेल सुलभाने सकाळीच बघितलं होतं. ती घाबरली नव्हती, क्लच तिने वेळेवर दाबला होता.